सह्या होत्या, बैठका नव्हत्या: बडोद्यातल्या एका पीएच.डी. विभागाचं प्रकरण

हे प्रकरण चर्चेसाठी रचलेलं आहे. विभाग, त्यातली माणसं आणि घडलेले प्रसंग कल्पित; विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम, मुदती आणि सरकारी योजनेची रक्कम मात्र खरी. कोणालाच नाव दिलेलं नाही. बडोद्याच्या मराठी मंडळींत आडनाव उच्चारलं की 'म्हणजे रावपुऱ्यातले का?' असं सुरू होतं आणि मूळ मुद्दा तिथेच राहतो.

विभाग सामाजिक शास्त्रांतला, एम.ए. आणि पीएच.डी. दोन्ही चालवणारा. शिक्षकांच्या बऱ्याच जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. विभागप्रमुख गुजराती, कामाला चोख, पण फाइलींत बुडालेल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. विभाग चालतो तो मात्र ज्येष्ठ मराठी प्राध्यापकांच्या शब्दावर. त्यांना नुसतं 'सर' म्हटलं की पुरतं. गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत त्यांचं एक पुष्प ठरलेलं, दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांत त्यांचं जाणं-येणं. २०२६ मध्ये ते निवृत्त होणार आहेत.

तक्रार करणारे तिघे, आणि तिघांचं दुखणं सारखं नाही हे आधीच सांगितलेलं बरं. पहिली, जिला विभागात सगळे ताई म्हणतात: बाबाजीपुऱ्यात सासर, शाळेत जाणारी मुलगी, पीएच.डी.ची नोंदणी जुलै २०१९ ची. दुसरा सुरतेच्या लिंबायतचा मुलगा. वडील उधन्याला मागावर, घरात अहिराणी, फत्तेगंजात भाड्याची खोली, नोंदणी २०२३ ची. तिसरी एम.ए. पहिल्या वर्षाची वर्गप्रतिनिधी, म्हणजे सी.आर. ती तापट आहे, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. ताईंच्या हातात विभागाचं पत्र पडलं: सहा वर्षांची मुदत जुलैत संपते, संशोधन सल्लागार समितीच्या मते आजवरची प्रगती असमाधानकारक आहे, तरी नोंदणी रद्द का करू नये याचा खुलासा करावा. आणि लिंबायतच्या मुलाला कळलं की गुजरात सरकारच्या 'शोध' या पीएच.डी. शिष्यवृत्तीच्या योजनेसाठीची त्याची दोन महिन्यांची हजेरी विभागातून पुढे गेलेलीच नाही. या योजनेत महिन्याला १५,००० रुपये मिळतात, शिवाय वर्षाला २०,००० पुस्तकं वगैरे खर्चासाठी. म्हणजे ३०,००० अडकले. ज्याच्या घरून पैसे येत नाहीत, उलट घरी पाठवायचे असतात, त्याचं दोन महिन्यांत काय होतं हे सांगायला नको.

हजेरी का अडली? जानेवारीत त्याने एम.ए.चा तिसरा पेपर शिकवायला नकार दिला होता. दोन पेपर तो आधीच शिकवत होता, आठवड्याला दहा-बारा तास, बिनपगारी. 'बाळा, याने अनुभव मिळतो,' असं सर म्हणायचे, आणि अनुभव मिळत होता हे खरंच आहे. नकार आणि अडलेली हजेरी यांचा संबंध कोणालाही सिद्ध करता आला नसता. सरांनी सांगितलं, पोर्टल चालत नव्हतं. पोर्टल अधूनमधून खरंच चालत नाही. म्हणून तर ही सबब इतकी टिकाऊ.

विभागाबाहेरच्या चहाच्या लारीवर मग वही निघाली. जो येईल त्याने आपलं गाऱ्हाणं लिहायचं. आठवड्याभरात पानं भरली. सर भेटत नाहीत. सरांच्या पुस्तकाची प्रुफं रविवारी वाचावी लागतात. सरांचे पाहुणे स्टेशनवर घ्यायला जावं लागतं. ऐच्छिक पेपर माहितीपुस्तिकेत सहा, शिकवतात दोनच. नोटीस लागत नाही, लागली तर तारीख उलटल्यावर. ग्रंथालयातल्या अभ्यासिकेचा पंखा. कुणीतरी 'मॅडम नमस्काराला मान हलवत नाहीत' हेही लिहिलं.

ही वही ताईंनी घरी नेली. नवरा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, 'अगं, ऑडिटमध्ये आम्ही नुसतं काम वाईट आहे असं लिहिलं तर ऑडिटर कागद तोंडावर फेकेल. कशाच्या विरुद्ध वाईट आहे ते लिहावं लागतं. तुमचं कलम कुठलं?'

'अहो, आमच्यात कलम-बिलम नसतं,' असं ताई म्हणाल्या. पण ते होतं, आणि सहा वर्षं विद्यापीठात राहून त्यांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांनीच नव्हे, विभागात कोणीच वाचलेलं नव्हतं. पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्याच्या हाती फी-पावती देतात, नियम देत नाहीत. या अख्ख्या प्रकरणाचं मूळ मला तिथे दिसतं.

नियम वाचायला घेतल्यावर पहिला धक्का असा की विभागात दोन नियम एकाच वेळी लागू होते. आयोगाचे पीएच.डी.विषयीचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आले. त्याआधी नोंदणी झालेल्यांना २०१६ चे नियम. म्हणजे ताई जुन्यात, लिंबायतचा मुलगा नव्यात. जुन्या नियमात प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून यायला हवा आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचलेले हवेत. नव्या नियमात आयोगाने ही सक्ती काढून टाकली. विभागाच्या फळ्यावर मात्र सगळ्यांसाठी एकच नोटीस होती: केअर यादीतल्या, म्हणजे आयोगाने मान्य केलेल्या, नियतकालिकांत दोन लेख. ही कोणाला लागू, कोणी ठरवली, कोणत्या बैठकीत, काही नाही. गंमत म्हणजे ती केअर यादीच आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नोटीस त्यानंतरही फळ्यावर तशीच होती.

दुसरं, मुदत. जुन्या नियमातही स्त्रियांना कमाल सहा वर्षांवर दोन वर्षांची सवलत देता येते. ताईंना आलेल्या पत्रात याचा उल्लेख नव्हता. मुद्दाम गाळलं असेल असं मला वाटत नाही. पत्र ज्याने टाइप केलं त्याने मागच्या कोणाच्या तरी पत्रातली तारीख बदलली असणार.

तिसरं, शिकवण्याचे तास. २०२२ च्या नियमानुसार संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, तपासणी अशी मदतनिसाची कामं देता येतात. अख्खा पेपर त्याच्या गळ्यात घालणं यात बसत नाही.

आणि चौथं, ज्यावर सगळं फिरलं. दर सत्रात संशोधक विद्यार्थ्याने सल्लागार समितीपुढे उभं राहून काम सांगायचं, समितीने शिफारशी लिहायच्या, संस्थेला पाठवायच्या आणि त्याची एक प्रत विद्यार्थ्याला द्यायची. जुन्या नियमातही सहा महिन्यांनी हेच. प्रगती बरी नसेल तर कारणं नोंदवायची, सुधारणा सुचवायच्या, आणि त्या झाल्या नाहीत तरच नोंदणी रद्द करण्याची शिफारस.

विभागात अशी बैठक कित्येक वर्षांत झालेली नव्हती. मार्चच्या शेवटी ऑफिसातले भाई रजिस्टर घेऊन फिरायचे. दोन सत्रांचे दोन रकाने, एकाच पेनने दोन सह्या. सगळे करायचे. ताईंनी केल्या होत्या, लिंबायतच्या मुलानेही, कारण सही नसेल तर पुढचा कागद हलत नाही.

इथे खरा पेच आहे, म्हणून जरा थांबतो. बैठका झाल्या नाहीत अशी तक्रार करायची, तर बैठकीला हजर असल्याची आपलीच सही समोर येणार. सी.आर.चं म्हणणं सरळ होतं: खोट्या सह्या घेतल्या असं लिहा, आम्ही दबावाखाली केल्या असंही लिहा. मुलगा म्हणाला, 'तुला काय जातंय, तुझी सही कुठे आहे त्यात? सरांचं काही होणार नाही, माझी शिष्यवृत्ती जाईल.' ताई गप्प. त्यांच्या अडचणीला आणखी एक पदर होता.

सर ताईंना भेटत नव्हते असं नाहीच. दर दुसऱ्या रविवारी सकाळी प्रतापगंजातल्या सरांच्या घरी त्या जायच्या. चहा व्हायचा, आणि सर प्रकरणाची पानं पेन्सिलीने अशी तपासायचे की अर्धविरामही सुटायचा नाही. ताईंचं तिसरं प्रकरण उभं राहिलं ते त्या रविवारांवर. मग 'असमाधानकारक' कुठून आलं? विभागाला वरून विचारणा झाली होती, पाच वर्षं उलटलेल्यांची यादी द्या. यादीतल्या सगळ्यांना एकच मजकूर गेला. सरांनी पत्र न वाचता सही केली, जशी ताईंनी रजिस्टरवर केली होती.

लिंबायतच्या मुलाला मात्र हे रविवार माहीतच नव्हते. कोणी बोलावलं नाही, आणि आपण होऊन प्रतापगंजात जाऊन बेल वाजवावी असं त्याला कधी वाटलं नाही. ताईंचे सासरे आणि सर जुने स्नेही. त्या घरात ताई सुनेसारख्या वावरत. हा मुलगा 'मी जाई ऱ्हायनू' म्हणणाऱ्या घरातला. तो सरांपुढे प्रमाण मराठी बोलायला लागला की वाक्य अर्ध्यात तुटायचं. घरच्या मार्गदर्शनाला माझा विरोध नाही. आपल्याकडे चांगले प्रबंध बरेचसे ओसरीवरच झालेत. पण ओसरीवर कोणाचा हक्क सांगता येत नाही, तिथे फक्त ओळख चालते. सत्राची बैठक हा त्या मुलाचा एकमेव हक्काचा तास होता आणि तोच रजिस्टरात गाडला गेला होता. सर दुष्ट होते म्हणून हे झालं असं मानलं की प्रकरण सोपं होतं, आणि चुकतं.

सासऱ्यांनी आपल्या पद्धतीने मार्ग काढला: 'सेनेटवर आपली माणसं आहेत, त्यांच्या कानावर घालतो.' गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०२३ मध्ये आला आणि सरकारी विद्यापीठांतली सेनेट, म्हणजे अधिसभा, त्यात गेली, हे त्यांना सुनेकडून कळलं. त्यांचा चेहरा असा पडला की विद्यापीठापेक्षा त्यांचंच काही गेलं असावं.

तोड अखेर मुलाने काढली. बैठका झाल्या की नाही यावर बोलायचंच नाही. नियम म्हणतो प्रत द्या, आम्हाला एकाही सत्राची प्रत मिळालेली नाही, ती द्या. बैठका झाल्या असतील तर शिफारशी असणार. नसतील तर ते विभागाने सांगावं. सी.आर.ला ही पळवाट वाटली. नैतिक बाजूने ती चूक नव्हती. पण ज्याचं भाडं थकलंय त्याने स्वतःच्या सहीविरुद्ध साक्ष द्यावी असं बाहेर उभं राहून सांगणं मला जमत नाही.

अर्ज मार्चमध्ये गेला. रस्ता २०२३ च्या नियमांनी आखून दिलेला आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये नियम आणले. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती, अध्यक्ष एक प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य. अध्यक्ष-सदस्यांत किमान एक स्त्री आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो, पण विशेष निमंत्रित म्हणून, आणि तो निवडून आलेला नसतो. गुणवत्ता, खेळ वगैरे पाहून नेमलेला असतो. सुवर्णपदकवाला मुलगा चांगलाच असतो, पण त्याला कोणाकोणाच्या सह्या लागणार आहेत हे त्यालाही माहीत असतं.

वहीतलं काय अर्जात गेलं आणि काय राहिलं, हे पाहण्यासारखं आहे. नियमांत 'तक्रार' कशाला म्हणायचं याची यादी आहे: शिष्यवृत्ती न देणं किंवा उशिरा देणं त्यात आहे, प्रवेशाच्या वेळी कबूल केलेलं शिक्षण न मिळणं आहे, आयोगाच्या नियमांविरुद्धची कोणतीही कृती आहे. म्हणून हजेरी, तास, प्रती, मुदत आणि ऐच्छिक पेपर, त्यासाठी रिकाम्या जागा भरा, एवढं अर्जात आलं. प्रुफं, स्टेशनवरचे पाहुणे, न हललेली मान वहीतच राहिली. छळ या सदरात ती घालता आली असती. ताईंनी नको म्हटलं. एक गोष्ट तिघांनी ठरवून गाळली. प्राध्यापकाला एका वेळी आठच संशोधक घेता येतात, सहायक प्राध्यापकाला चार. सरांचे आठ भरल्यावर पुढचे तिघे कागदावर विभागातल्या एका तरुण सहायक प्राध्यापकाच्या नावावर होते आणि काम सरांकडे करत होते. हे बाहेर आलं असतं तर आधी तो तरुण शिक्षक अडकला असता, जो एकटाच मुलांचे फोन उचलायचा.

सुनावणी एप्रिलमध्ये झाली. विभागाने प्रती आणल्या. सगळ्या सत्रांच्या, सगळ्या विद्यार्थ्यांच्या. कागद कोरे करकरीत, अक्षर एकाच प्रिंटरचं, आणि प्रत्येकावर तेच वाक्य: प्रगती समाधानकारक, काम चालू ठेवावे. ते कधी तयार झाले हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

मग ताईंनी फक्त एवढं विचारलं: 'सर, मागच्या प्रत्येक सत्रात माझी प्रगती समाधानकारक आहे असं समितीनेच लिहिलंय. मग फेब्रुवारीचं पत्र कशावरून?'

उत्तर नव्हतं. विभागाने स्वतःला वाचवायला जे कागद केले त्यांनीच ताईंची नोंदणी वाचवली. आणि त्याच कागदांनी आणखी एक गोष्ट पक्की केली: बैठका झाल्या होत्या. समितीच्या अहवालात तसं आलं, म्हणजे आता ते अधिकृत आहे. सी.आर. बाहेर येऊन म्हणाली, 'तुम्ही जिंकलात, पण खोटं खरं झालं.' तिला कोणी उत्तर दिलं नाही.

मला विचाराल तर इथे दोष विद्यार्थ्यांच्या डावपेचात कमी आणि समितीत जास्त आहे. प्रती पाहिल्यावर 'हे कागद कोणत्या तारखेला संस्थेकडे आवक झाले?' एवढा एक प्रश्न पुरेसा होता. प्रत संस्थेलाही जायची असते, तिथे आवक-जावक रजिस्टर असतं. अध्यक्षांना ते ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर आलं असतं तर बाकी विभागांचीही रजिस्टरं उघडावी लागली असती.

अहवाल मुदतीत, म्हणजे पंधरा कामकाजाच्या दिवसांत आला. ताईंना २०२७ पर्यंत सवलत. अडलेली हजेरी लगेच पाठवावी, आणि पुढे मार्गदर्शकाने सात दिवसांत न पाठवल्यास विभागप्रमुखांनी पाठवावी. संशोधक विद्यार्थ्यांना आठवड्याला सहा तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. सत्राच्या सादरीकरणाच्या तारखा आधी जाहीर कराव्यात, शिफारशींची प्रत ई-मेलने द्यावी. ऐच्छिक पेपरांबद्दल 'विभागाने उपलब्ध मनुष्यबळानुसार विचार करावा.' या शेवटच्या वाक्याचा अर्थ काही नाही असा होतो.

पैसे मे महिन्यात आले. मुलाचं पहिलं खरं सादरीकरण जुलैत झालं. सरांनी त्याला चाळीस मिनिटं उभं ठेवून नमुना-निवडीवरून सोललं, आणि मग दोन संदर्भ स्वतःच्या हाताने लिहून दिले. तो खूश होता. दोन वर्षांत कोणी त्याचं इतकं बारकाईने वाचलंच नव्हतं. गणपतीत सर बाबाजीपुऱ्यातही आले, नेहमीसारखे. तक्रारीचा विषय कोणी काढला नाही. प्रसाद घेताना ते म्हणाले, 'अगं, चौथ्या प्रकरणात दोन तळटिपा चुकल्यायत, रविवारी ये.' ताई गेल्या. त्या मुलालाही घेऊन जावं का, हे त्यांच्या मनात येऊन गेलं की नाही, ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

हिशोब चुकला तो एम.ए.च्या वर्गाचा. सहा तासांची मर्यादा जूनपासून लागू झाली आणि संशोधक विद्यार्थी शिकवत होते ते पेपर उघडे पडले. नव्या सत्रात एका पेपराचा पहिला तास सप्टेंबर उजाडला तरी झालेला नव्हता. वर्षभर हीच मुलं कुरकुरत होती की आम्हाला शिकवायला शिक्षक नाहीत, विद्यार्थीच आहेत. आता विद्यार्थीही नव्हते. एकाच अर्जावर दोघांच्या सह्या होत्या, आणि एकाची मागणी पूर्ण झाली तेव्हा दुसऱ्याची परिस्थिती आणखी बिघडली. रिकाम्या जागा भरा, हे अर्जातलं सगळ्यात खरं वाक्य होतं. ते देणं मात्र त्या समितीच्या हातात नव्हतं.

सी.आर.ने अहवालानंतर पंधरा दिवसांच्या आत लोकपालांकडे अपील केलं होतं, ऐच्छिक पेपरांच्या मुद्द्यापुरतं. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशांतून संस्था लोकपाल नेमते, आणि तीस दिवसांत निकाल अपेक्षित असतो. अपिलात तिने एकच ओळ नव्याने घातली: माहितीपुस्तिकेत छापलेले सहा पेपर शिकवता येत नसतील तर पुढच्या वर्षी तिथे दोनच छापा. लोकपालांनी ती मान्य केली. पुढच्या पुस्तिकेत पेपर दोन आले.

उघड्या पडलेल्या पेपरासाठी मॅडमनी व्हिजिटिंग लेक्चररची नोट पाठवली आहे. ती वित्त शाखेत आहे. विषय ताईंच्या प्रबंधाचाच असल्याने त्यांनी अर्ज भरला आहे, आणि मानधन मंजूर होईपर्यंत बिनपगारी सुरू करा असं सुचवल्यावर त्यांनी ते लेखी मागितलं आहे.